भाडेकरूच्या व्हिसाची तारीख उलटली. कॅमेरा लावू, की पोलिसांत जाऊ?

पत्राचा सारांश: छत्रपती संभाजीनगरहून एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिकेचं पत्र आलं आहे. पती वारले, मुलगा अमेरिकेत एमएस करतो, घरात त्या एकट्याच. वरच्या दोन खोल्या त्यांनी एका येमेनी विद्यार्थ्याला भाड्याने दिल्या आहेत. तो इथे पीएच.डी. करतो. भाडं वेळेवर येतं, वागायला चांगला आहे. बाईंना चक्कर आली तेव्हा रिक्षा करून घाटी रुग्णालयात त्यानेच नेलं. परवा अकरा महिन्यांचा करार नव्याने करायचा म्हणून त्यांनी पासपोर्टची झेरॉक्स मागितली, तर व्हिसाची तारीख उलटून काही महिने झालेले दिसले. घाबरून त्यांनी ती झेरॉक्स कॉलनीच्या सेक्रेटरींना दाखवली. सेक्रेटरींनी फोटो काढून कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तेव्हापासून ग्रुपवर रोज नवीन काहीतरी येतं: रात्री दोन वाजेपर्यंत त्याचा लाइट चालू असतो, काल कोण आलं होतं, बॅगेत काय होतं. मुलगा फोनवर सांगतो, "जिन्यात कॅमेरा बसव, त्याला मोबाइलवरून लोकेशन शेअर करायला लाव, नाहीतर त्याच्या स्कूटीला छोटं जीपीएस लावून टाक. अमेरिकेत आम्हा परदेशी लोकांवर असंच लक्ष असतं." बाई विचारतात, "कळवलं तर त्या लेकराचं वाटोळं, नाही कळवलं तर मी गुन्हेगार. कॅमेरा लावू, पोलिसांत जाऊ, की सरळ घर खाली करून घेऊ?"

ताई,

तुम्ही सेक्रेटरींना विचारलंत, मुलाला विचारलंत, मला विचारलंत. ज्याच्या पासपोर्टवर ती तारीख आहे, त्याला मात्र अजून विचारलेलं नाही. माझं पहिलं सांगणं एवढंच आहे, की आज संध्याकाळी तो घरी आला की त्याला खाली बोलवा, चहा टाका आणि सरळ विचारा, "बाळा, तुझ्या व्हिसाचं काय झालं? मला कागद दाखव." घरमालकीण म्हणून हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि ते विचारणं तुमचं कामही आहे. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

तारीख उलटली म्हणजे तो बेकायदा राहतो, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असेलच असं नाही. 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याला आल्यापासून 14 दिवसांत परकीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते, आणि पुढे दर वेळी मुदत वाढवून घ्यावी लागते. 2018 पासून ही कामं ई-एफआरआरओ या सरकारी संकेतस्थळावर होतात. अर्ज ऑनलाइन, कागद ऑनलाइन, आणि मंजुरी ईमेलवर पीडीएफ होऊन येते. पासपोर्टावर चिकटवलेला मूळ व्हिसा तसाच राहतो, त्यावरची तारीखही जुनीच राहते. म्हणजे तुम्ही पाहिलेली झेरॉक्स खरी आणि तुमचा भाडेकरूही पूर्णपणे कायदेशीर, असं सहज होऊ शकतं. कॉलनीच्या ग्रुपवर ज्यांनी त्या फोटोवर बोटं नाचवली, त्यांच्यापैकी कोणी "मुदतवाढीचा कागद आहे का?" एवढं विचारलं असतं, तर कदाचित तिथेच विषय संपला असता. तेव्हा त्याच्याकडून तो निवास परवान्याचा पीडीएफ मागून घ्या, त्यावरचं नाव, पासपोर्ट नंबर आणि तारीख स्वतः वाचा.

समजा, तो म्हणाला की अर्ज केलाय, पण अडकलाय. संशोधक विद्यार्थ्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे. मुदतवाढीसाठी विद्यापीठाचं बोनाफाइड लागतं, चालू पासपोर्ट लागतो, राहण्याचा पुरावा लागतो. गाइड रजेवर असले, फीची पावती वेळेत निघाली नाही, प्रबंध लांबला, तर बोनाफाइड लांबतं. आणि पासपोर्टच संपत आला असेल तर येमेनी मुलाची पंचाईत आणखी मोठी. 2014 मध्ये हुथी बंडखोरांनी राजधानी सना ताब्यात घेतलं, 2015 पासून तिथे युद्ध पेटलं, 2016 ते 2022 सनाच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडत नव्हती. अशा देशाचा पासपोर्ट नवा करून घेणं म्हणजे आपण पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन तासाभरात बाहेर येतो, तसलं काम नव्हे.

आता राहण्याच्या पुराव्याचं बोलते, कारण हे तुमच्या घरातलं आहे. हा पुरावा म्हणून बहुतेक वेळा दोनच गोष्टी मागितल्या जातात: भाडेकरार, नाहीतर लोक ज्याला अजून "सी-फॉर्म" म्हणतात ती घरमालकाने भरलेली नोंद. परदेशी माणूस आपल्याकडे राहायला आला की 24 तासांत ही नोंद ऑनलाइन करायची असते. ती हॉटेलला लागू आहे तशी धर्मशाळेला, होस्टेलला आणि तुमच्यासारख्या एका घराच्या मालकिणीलाही आहे. तुम्ही लिहिता की सगळं एजंटने केलं, तुम्ही फक्त सह्या केल्या. एजंटने पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असेल, पण ती आणि ही नोंद वेगळी. ती झालीच आहे का, हे आधी शोधा. त्यात तुमचा अकरा महिन्यांचा करारही संपलेला. त्याचा अर्ज ज्या कागदापायी अडला आहे, तो कागद तुमच्याकडून जायचा राहिला असेल, हीही शक्यता आहे. दोष देण्यासाठी सांगत नाही. आपल्याकडे शंभरातल्या बहुतेक घरमालकांना ही नोंद ठाऊकही नसते. पण तुम्हाला आज ठाऊक झालं आहे, तेव्हा ती आधी पूर्ण करा. उशीर झाला म्हणून गप्प बसण्यापेक्षा उशिरा का होईना, स्वतःहून जाऊन सांगणं केव्हाही बरं. पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांचं काम बघणारी शाखा आहे, तिथे जाऊन "माझ्याकडून ही नोंद राहिली, आता काय करू?" असं विचारा.

तिसरी शक्यता अवघड आहे. कागद नाही, अर्जही नाही, मुदत खरंच संपली, आणि तो भीतीने गप्प बसला. तसं असेल तर ताई, झाकायचं नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला आहे. 1946 च्या फॉरेनर्स ॲक्टसह चार जुने कायदे त्याने मोडीत काढले. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर 3 वर्षांपर्यंत कैद, 3 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं त्यात आहे. घरमालकाने माहिती द्यायची जबाबदारीही त्यात आहे. पण ही वाट थेट तुरुंगात जाते असं समजून हातपाय गाळू नका, त्यालाही गाळू देऊ नका. उशिरा अर्ज करून, दंड भरून मुदत वाढवून घ्यायची किंवा देश सोडण्याची परवानगी काढायची सोय त्याच ई-एफआरआरओवर आहे. स्वतःहून आलेला माणूस आणि विमानतळावर किंवा नाक्यावर पकडलेला माणूस यांच्याकडे कोणताही अधिकारी एका नजरेने बघत नाही. म्हणून त्याला एक तारीख द्या. आठ दिवस पुरेत. "आठ दिवसांत तू विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागात जा, गाइडना भेट, अर्ज टाक आणि पावती मला आणून दाखव. नाहीतर मला स्वतः आयुक्तालयात जावं लागेल. मी तुझ्यापासून लपवून जाणार नाही, सांगून जाईन." हे त्याच्या तोंडावर बोला. एखाद्या वकिलाचा सल्ला त्याने जरूर घ्यावा. वेळ आली तर तुम्हीही घ्या. परत गेलं तर जिवाला धोका आहे असं तो म्हणाला, तर दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांचं कार्यालय आहे, तिथे त्याने अर्ज करावा. फक्त हे लक्षात असू द्या, की भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्या अर्जाने व्हिसाचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

आता तुमच्या मुलाच्या सूचनांकडे येते. तो तुमच्या काळजीपोटीच बोलतोय, पण "अमेरिकेत असंच असतं" हे अर्धंच खरं. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी संगणक प्रणालीत असते आणि ती माहिती विद्यापीठ भरतं. तो कुठे शिकतो, किती विषय घेतले, पत्ता बदलला का, हे त्यात. त्याचा घरमालक त्याच्या गाडीला जीपीएस लावून फिरत नाही. उद्या लावलं तर तुमचा मुलगाच पहिला वकील गाठेल. त्याला हे विचारून बघा.

आणि त्या सेव्हिसचीही एक गोष्ट त्याला नक्की आठवत असेल. 2025 च्या वसंतात अमेरिकी सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची नावं गुन्ह्यांच्या डेटाबेसशी संगणकावर ताडून पाहिली आणि जिथे जुळणी दिसली तिथल्या हजारो मुलांच्या नोंदी बंद करून टाकल्या. त्यात भारतीय मुलं बरीच होती. कोणाचा साधा वाहतुकीचा दंड होता, कोणाचं प्रकरण केव्हाच मिटलं होतं. मुलं कोर्टात गेली, न्यायाधीशांनी सरकारला धारेवर धरलं, आणि एप्रिलच्या शेवटी सरकारने त्या नोंदी परत चालू केल्या. त्या काही आठवड्यांत इकडे लातूर-नांदेडच्या आईबापांच्या डोळ्याला डोळा लागला नसेल. ब्रिटनमध्ये 2014 साली याहून वाईट झालं. इंग्रजीच्या परीक्षेत आपल्या जागी दुसऱ्याला बोलायला बसवलं, असा संशय घेऊन परदेशी विद्यार्थ्यांचे आवाज सॉफ्टवेअरने तपासले गेले आणि सुमारे 34 हजार निकाल बाद ठरले. काहींनी खरंच लबाडी केली होती. पण ज्यांनी केली नव्हती त्यांनाही त्याच चाळणीतून ढकललं. त्यांत आपल्याकडची मुलं होती. कित्येकांची उमेदीची वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली.

यंत्रं नकोतच, असं माझं म्हणणं नाही. कोण आलं, कोण गेलं, कोण मुदतीनंतर राहिलं हे देशाला कळलंच पाहिजे. मुदत संपल्यावर नाव-गाव बदलून राहणारे लोकही असतात, आणि त्यांची चिंता करणारे पोलीस चुकीचं काही करत नाहीत. आपल्या सरकारने 2010 मध्येच व्हिसा, विमानतळावरची तपासणी आणि परदेशींची नोंदणी एकाच जाळ्यात जोडण्याचा प्रकल्प मंजूर केला. 2022 मध्ये त्याला आणखी 1,365 कोटी रुपये दिले. युरोपातल्या 29 देशांनी ऑक्टोबर 2025 पासून पासपोर्टावर शिक्का मारण्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली आहे. थोड्या मुदतीच्या मुक्कामाचे कोणाचे 90 दिवस भरले हे संगणकच मोजतो. ही व्यवस्था मी योग्य मानते, कारण तिच्यामागे कायदा आहे, जबाबदार अधिकारी आहे आणि चूक झाली तर दाद मागायला कोर्ट आहे. कॉलनीच्या ग्रुपमागे यातलं काहीही नाही. आणि ही सगळी व्यवस्था ज्यावर उभी आहे तो पत्ता कोण भरतं? तुमच्यासारखा घरमालक. तुम्ही वेळेवर, खरी भरलेली एक नोंद सरकारला जेवढी कामाची आहे, तेवढं तुमच्या जिन्यातल्या कॅमेऱ्याचं महिनाभराचं चित्रण नाही. देखरेखीत तुमचा वाटा तेवढाच, आणि तो पुरेसा आहे.

लोकेशन शेअर करायला लावण्याबद्दल तर आपल्या सुप्रीम कोर्टाचाच निकाल आहे. एका नायजेरियन आरोपीला जामीन देताना अट घातली होती, की त्याने गूगल मॅपवर पिन टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसता ठेवावा. 8 जुलै 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी ती अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवू देणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे, असं त्यांनी सांगितलं. राज्यघटनेचं 21 वं कलम "नागरिक" म्हणत नाही, "व्यक्ती" म्हणतं. त्यात परदेशी आला. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीवर पोलिसांनाही जे करता येत नाही, ते भाडं वेळेवर देणाऱ्या विद्यार्थ्यावर घरमालकिणीने करावं, हे बसत नाही. स्कूटीला गुपचूप जीपीएस लावणं किंवा त्याच्या मोबाइलमध्ये न विचारता एखादं ॲप घालणं हे तर मनातून काढूनच टाका. दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, अडकाल तुम्ही.

कॅमेरा मात्र वेगळा. तुम्ही एकट्या राहता, गेटवर कॅमेरा हवाच, आणि तो व्हिसाची भानगड नसती तरी हवा होता. तो गेट आणि अंगण दाखवेल असा बसवा, त्याच्या दारावर किंवा खिडकीवर रोखू नका, "येथे कॅमेरा आहे" अशी पाटी लावा आणि बसवण्याआधी त्याला सांगा.

व्हॉट्सॲप ग्रुपचं काम मला सगळ्यांत तातडीचं वाटतं. पासपोर्टच्या त्या पानावर त्याचा फोटो, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर सगळं आहे, आणि ते आता किती मोबाइलमध्ये गेलं असेल कोण जाणे. सेक्रेटरींना आजच फोन करून तो फोटो काढायला लावा. जमलं तर ग्रुपवर तुम्हीच लिहा: "माझ्या भाडेकरूच्या कागदपत्रांची शहानिशा मी करते आहे. जे कळवायचं ते योग्य कार्यालयाला कळवीन. कृपया कोणी त्याचे फोटो किंवा माहिती टाकू नये." तुम्ही इतकी वर्षं वर्ग सांभाळला आहे, कॉलनीही तुमचं ऐकेल. झेरॉक्स तुमच्याकडून बाहेर गेली हे त्यालाही सांगा. दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या.

रात्री दोनपर्यंत लाइट चालू असतो म्हणून संशय घेणाऱ्यांना एकच सांगा: प्रबंध लिहिणाऱ्या कुठल्याही पोराचा लाइट दोनपर्यंत चालू असतो. येमेनी माणूस मराठवाड्याला काही नवा नाही. निजामाच्या फौजेत हद्रामौतहून आलेले अरब होते. आपल्याकडची चाऊस घराणी त्यांचीच. परभणीत, नांदेडमध्ये, बीडमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मराठी बोलतात, आपल्याच वर्गात शिकली. हद्रामौत म्हणजे आजच्या येमेनचाच भाग. आणि आपली किती माणसं आखातात आहेत! संयुक्त अरब अमिरातीने 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2024 अशी सवलत दिली होती, की मुदत संपलेल्यांनी पुढे यावं, दंड माफ. त्या रांगांमध्ये भारतीय होते. कोणाच्या मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवला होता, कोणाची कंपनी बुडाली होती. मुदत उलटलेला प्रत्येक जण काही लबाडीनेच राहिलेला नसतो, हे आपल्याच माणसांकडे पाहून आपल्याला कळायला हवं.

असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाहीत, म्हणून इतरांसाठीही थोडं. वेरूळ किंवा फर्दापूरला घरगुती खोल्या देणाऱ्यांनी पाहुणा आल्याच दिवशी नोंद करावी. एका रात्रीचा मुक्काम असला तरी. पासपोर्टबरोबर व्हिसाचं किंवा ई-व्हिसाचं पान बघावं, कारण नोंदीत दोन्हींचे नंबर लागतात. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला कॅनडा-इंग्लंडहून येणाऱ्यांच्या बाबतीत आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते पाहा; परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्टवाला माणूस परदेशी नव्हे. नेपाळ-भूतानच्या लोकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही, तेव्हा त्यांच्याकडे तो मागत बसू नका. शिक्षणसंस्था आणि दवाखान्यांनाही नव्या कायद्याने परदेशी विद्यार्थी-रुग्णांची माहिती द्यावी लागते. ते काम कोणाच्या तरी नावाने नेमून द्या, नाहीतर सगळे एकमेकांवर ढकलतात. आणि कागदाची प्रत घेतली की ती कुलपात ठेवा. कागद मागणं तुमचं काम आहे, तो फिरवणं नाही.

राहिला घर खाली करून घेण्याचा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे, की आत्ता नको. घर सोडायला लावलंत तर त्याचा पत्ता जाईल, पत्ता गेला की अर्जाला लागणारा पुरावा जाईल, आणि ज्याचा ठावठिकाणा आज तुम्हाला आणि विद्यापीठाला माहीत आहे तो मुलगा कोणाच्या तरी खोलीत, बिननोंदीचा, जाऊन राहील. यात ना त्याचं भलं, ना पोलिसांचं. कागद नीट असतील तर करार नवा करून त्याची रीतसर नोंदणी करा. अर्ज अडकला असेल तर आधी तुमची घरमालकाची नोंद पूर्ण करा, मग वकिलाला विचारून करार त्याच्या मंजुरीच्या तारखेपर्यंतच करा. आठ दिवसांत त्याने काहीच हालचाल केली नाही, तर त्याला सांगून आयुक्तालयात जा. जाताना जुना करार, पासपोर्टची झेरॉक्स, भाडं आल्याचं बँकेचं पासबुक आणि त्याचं विद्यापीठाचं ओळखपत्र सोबत ठेवा. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.